फाटत नाही, म्हणून खरे?

दातांचे माप घेण्याच्या पदार्थांची एक उतरंड दंतवैद्यकात ठरून गेली आहे. तळाला अल्जिनेट, त्यावर पॉलिसल्फाइड, त्यावर कंडेन्सेशन सिलिकॉन, मग पॉलिइथर आणि सगळ्यांत वर अ‍ॅडिशन सिलिकॉन. जो जितका वरचा पदार्थ वापरतो, तितकी त्याची कॅप किंवा ब्रिज अचूक, असे मानले जाते. साहित्य विकणारे प्रतिनिधी हीच उतरंड माहितीपत्रकांतून पुढे करतात. बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला विद्यार्थी ती तक्त्याच्या रूपात पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. पुढे स्वतःचा दवाखाना थाटल्यावर अल्जिनेट वापरणारा शेजारचा डॉक्टर त्यांना मागासलेला वाटू लागतो.

या उतरंडीला आधार म्हणून तीन आकडे दिले जातात. पदार्थ फाटायला किती बळ लागते, हा पहिला. दाबून सोडल्यावर तो मूळ आकाराकडे किती टक्के परततो, हा दुसरा. ठरावीक दाबाखाली तो किती दबतो, म्हणजे किती लवचीक किंवा ताठ आहे, हा तिसरा. हे आकडे खोटे आहेत असे मला म्हणायचे नाही. ते ज्या अटींखाली मोजले त्या अटी गाळून त्यांची क्रमवारी लावली जाते आणि ही क्रमवारी डॉक्टरला चुकीच्या जागी निर्धास्त करते, हा माझा आक्षेप आहे.

हे तीन गुण महत्त्वाचे का, ते आधी पाहू. माप तोंडात घट्ट होईपर्यंत पदार्थाला फारसे काही सोसावे लागत नाही. त्याचा कस लागतो तो ट्रे बाहेर काढताना. दात मध्यभागी फुगीर असतो आणि हिरडीजवळ निमुळता होतो. त्या खोलगट भागाला, म्हणजे अंडरकटला, बिलगून बसलेला पदार्थ बाहेर येताना दाताच्या फुगवट्यावरून दबून सरकतो आणि मग त्याने पूर्ववत व्हावे अशी अपेक्षा असते. त्याच वेळी दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीत शिरलेला त्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा फाटता कामा नये. हे सगळे एका झटक्यात घडते आणि कॅप बसणार की नाही ते तिथेच ठरते.

उतरंडीमागे एक न बोललेले गृहीतक आहे: नवे ते वरचे. इतिहास याला साथ देत नाही. व्हिएन्नाच्या आल्फॉन्स पोलर यांनी १९२५ मध्ये अगारवर आधारलेला माप घेण्याचा पदार्थ पुढे आणला. दुसऱ्या महायुद्धात जपानहून येणारा अगार मिळेनासा झाला, तेव्हा समुद्री शेवाळापासूनच निघणाऱ्या अल्जिनेटने त्याची जागा घेतली. १९५० च्या दशकात पॉलिसल्फाइड आणि कंडेन्सेशन सिलिकॉन आले, १९६५ मध्ये जर्मनीत पॉलिइथर आले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर अ‍ॅडिशन सिलिकॉन. आता आकारावर परतण्याचा गुण पाहा. अगार सुमारे ९९ टक्के परततो. त्याच्यानंतर पाव शतकाने आलेले पॉलिसल्फाइड ९८ टक्क्यांच्या आसपास अडकते. फाटण्याच्या बळात मात्र पॉलिसल्फाइड अगारच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे एका गुणात जुना सरस आणि दुसऱ्यात नवा. दोन रांगांमधला क्रम जुळत नसेल, तर त्या दोहोंवरून एक उतरंड रचली कशी?

दुसरा आक्षेप टक्क्यांविषयी आहे. अल्जिनेट, अगार यांसारख्या पदार्थांचे मानक वेगळे, आयएसओ २१५६३. सिलिकॉन, पॉलिइथर, पॉलिसल्फाइड या रबरी पदार्थांचे वेगळे, आयएसओ ४८२३. अल्जिनेटच्या चाचणीत २० मिलिमीटर उंचीचा दंडगोल ४ मिलिमीटर, म्हणजे २० टक्के दाबतात आणि तो किमान ९५ टक्के परतावा अशी अट असते. रबरी पदार्थांचा दंडगोल ६ मिलिमीटर, म्हणजे ३० टक्के दाबतात आणि अट असते ९६.५ टक्क्यांची. माहितीपत्रकात हे दोन आकडे एकाच स्तंभात शेजारी छापले जातात. एकाची परीक्षा सोपी, दुसऱ्याची अवघड, आणि गुणपत्रिका एक. सब घोडे बारा टक्के म्हणतात ते याला.

या टक्क्यांत आणखी एक मेख आहे आणि ती अल्जिनेटच्या कैवाऱ्यांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. ९५ टक्के परतला म्हटल्यावर वाचकाला वाटते, जेवढा दबला त्यातला पाच टक्केच बाक उरला. तसे नाही. टक्केवारी दंडगोलाच्या मूळ उंचीवर काढतात. २० मिलिमीटरचे पाच टक्के म्हणजे १ मिलिमीटर. चार मिलिमीटर दबलेल्या पदार्थाचा १ मिलिमीटर परत आलाच नाही, म्हणजे विकृतीचा एक चतुर्थांश भाग कायमचा राहिला. रबरी पदार्थांच्या किमान अटीतही हाच हिशेब लावला तर ६ मिलिमीटरपैकी ०.७ मिलिमीटर उरतो. अर्थात ही पास होण्यापुरती रेषा आहे. चांगले अ‍ॅडिशन सिलिकॉन ९९.५ टक्क्यांच्या वर परतते आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ९५ आणि ९९ यांच्यातले अंतर चार गुणांचे दिसते ते फसवे आहे, आणि ९५ हा आकडा भरघोस वाटतो तोही फसवाच.

फाटण्याच्या बळाचे तर आणखी अवघड आहे. अल्जिनेटसाठी मानकात त्याची किमान मर्यादा आहे: ०.३८ न्यूटन प्रति मिलिमीटर. रबरी पदार्थांच्या मानकात अशी अटच नाही. त्यामुळे कोणी पायजम्याच्या आकाराची पट्टी तिचे दोन पाय ओढून फाडतो, कोणी खाच पाडलेली पट्टी ताणतो, कोणी चंद्रकोरीच्या आकाराचा नमुना घेतो. जाडी वेगळी, ओढण्याचा वेग वेगळा, मिसळल्यापासून किती मिनिटांनी ओढले तेही वेगळे. कोणी फाटण्यासाठी लागणारी ऊर्जा देतो, कोणी तुटेपर्यंतचा ताण देतो. एका कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी तोलणे म्हणजे वेगवेगळ्या तागड्यांतली वजने एकमेकांसमोर ठेवणे. एकाच प्रयोगशाळेने, एकाच पद्धतीने, एकाच वेळी केलेली तुलना असेल तर ती ऐकावी. बाकीची जाहिरात समजावी.

आता मुख्य मुद्दा. समजा, सगळ्या चाचण्या एकसारख्या झाल्या आणि आकडे निर्विवाद ठरले. तरीही, ज्याचे फाटण्याचे बळ जास्त त्याचे माप जास्त खरे, हे विधान टिकत नाही. पाठ्यपुस्तकांतले ढोबळ आकडे घ्या. अल्जिनेट सुमारे ०.४ ते ०.७ न्यूटन प्रति मिलिमीटरला फाटते. अ‍ॅडिशन सिलिकॉन आणि पॉलिइथर त्याच्या कित्येक पट टिकतात. पॉलिसल्फाइड सगळ्यांच्या पुढे आहे, काही प्रकारांत ७ पर्यंत. आणि हेच पॉलिसल्फाइड दाबून सोडल्यावर आकार परत मिळवण्यात रबरी पदार्थांत सर्वांत मागे. त्याच्यात दोन ते चार टक्के विकृती कायम राहते, तर अ‍ॅडिशन सिलिकॉनमध्ये अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

या दोन ओळी एकत्र वाचल्या तर काय दिसते? हिरडीच्या फटीत अडकलेला पापुद्रा अल्जिनेटचा असेल तर तो तुटतो. पॉलिसल्फाइडचा असेल तर तो लांबतो, बाहेर येतो आणि लांबलेलाच राहतो. पहिल्या मापात कड तुटलेली दिसते. डॉक्टर दिव्याखाली ट्रे धरतो, चुकचुकतो आणि माप पुन्हा घेतो. दुसऱ्या मापात कड अखंड, तकतकीत, देखणी असते. डॉक्टर समाधानाने ते लॅबला पाठवतो. लॅबमधला टेक्निशियन त्यात स्टोन, म्हणजे मॉडेलसाठीचे कडक प्लास्टर, ओततो, त्या ओढल्या गेलेल्या कडेवर मेणाचे काम करतो, धातू ओततो. खोट कळते ती रुग्ण खुर्चीत परत येऊन बसल्यावर, कॅप कडेला उभी राहिल्यावर. मग दोष कोणाचा? बहुतेक वेळा लॅबचा, असे ठरते.

म्हणून फाटणे हा केवळ अवगुण नाही. ती पदार्थाने दिलेली कबुली आहे. फाटण्याचे बळ जेव्हा आकारावर परतण्याच्या क्षमतेहून फार पुढे जाते, तेव्हा पदार्थ चूक टाळत नाही, ती लपवतो. तक्त्यात या दोन गुणांचे दोन स्वतंत्र स्तंभ असतात आणि दोहोंत अधिक ते उत्तम असे शिकवले जाते. दोन्ही आकडे जोडीने वाचायचे असतात, हे शिकवले जात नाही.

यावर उत्तर येते: हिरडीखालच्या पातळ फटीत माप वारंवार फाटले तर करायचे काय? तिथे तरी जास्त बळाचा पदार्थ हवाच ना? हवा, पण आधी फट रुंद करा. हिरडीची फट निदान ०.२ मिलिमीटर उघडी असेल तर माप फाटण्याचे आणि विकृत होण्याचे प्रमाण कमी होते, हे अभ्यासांतून दिसले आहे. हिरडी बाजूला सारणारा दोरा नीट ठेवून, रक्त थांबवून, वेळ देऊन ती रुंदी मिळते. पापुद्रा जाड झाला की मध्यम बळाचा पदार्थही तरतो. ज्या फटीत दोरा घालायला पाच मिनिटे दिली नाहीत, ती पाच मिनिटे महागड्या काडतुसातून विकत मिळत नाहीत.

आता ट्रेकडे पाहू, कारण तक्त्यात ट्रे कुठेच नसतो. पदार्थावर किती ताण येतो हे त्याच्या रसायनापेक्षा त्याच्या जाडीवर अधिक ठरते. अंडरकट १ मिलिमीटर खोल आहे आणि ट्रेची भिंत व दात यांच्यामध्ये २ मिलिमीटर पदार्थ आहे, तर बाहेर येताना तो ५० टक्के दबणार. जाडी ३ मिलिमीटर असेल तर ३३ टक्के. प्रयोगशाळेतल्या २० टक्क्यांच्या परीक्षेइतकाच ताण हवा असेल तर ५ मिलिमीटर जाडी लागेल. म्हणजे ज्या आकड्याच्या भरवशावर पदार्थ घेतला तो आकडा अनेक तोंडांत लागूच होत नाही. अल्जिनेटला निदान ३ मिलिमीटर जागा द्यावी असे शिकवतात ते म्हणूनच. रबरी पदार्थांना खास बनवलेल्या ट्रेमध्ये साधारण २ मिलिमीटर एकसारखा थर ठेवतात, कारण थर जाड झाला तर आकुंचन वाढते. इथे एका गुणासाठी दुसरा गुण खर्च करावा लागतो. खोल अंडरकट मेणाने बुजवणे, योग्य मापाचा ट्रे निवडणे या बिनकौतुकाच्या गोष्टी दोन पायऱ्या वरच्या पदार्थापेक्षा जास्त काम करतात.

वेळ आणि वेग यांचेही तसेच. अल्जिनेट घट्ट झाल्यासारखे वाटल्यावर पहिल्या चार मिनिटांत त्याचे बळ जवळपास दुप्पट होते. बोटाला चिकटेना म्हणून लगेच ट्रे ओढणारा डॉक्टर अर्ध्या बळाचे अल्जिनेट वापरतो आणि मग अल्जिनेटला नावे ठेवतो. तोच ट्रे हळूहळू, डुलवत काढला तर अल्जिनेट जास्त फाटते आणि जास्त वाकते. दाताच्या रेषेत एका झटक्यात काढला तर दोन्ही कमी होते. एकच डबा, एकच मिश्रण, आणि दोन हातांत दोन वेगळे आकडे. तक्त्यात यांतला कोणता छापायचा?

तापमान हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. पदार्थाचा कामाचा वेळ २३ अंशांच्या खोलीत मोजतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वीज गेली की दवाखान्याची खोली लगेच तापते. पाणी १० अंशांनी गरम असले तर अल्जिनेट सुमारे एक मिनिट लवकर घट्ट होते. त्याची पूड ५४ अंशांच्या वर साठवली तर ती बिघडू लागते. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत हे तापमान काही दूर नाही. सिलिकॉनचे दुखणे याहून छुपे आहे. गरम खोलीत ते ट्रेमध्येच आळू लागते आणि लवचीक झालेल्या अवस्थेत दातांवर दाबले जाते. तो दाब आत कोंडून राहतो आणि ट्रे तोंडातून बाहेर येताच सुटतो. माप अखंड दिसते, पण दाताचा आकार बदललेला असतो. त्यात डॉक्टरने लेटेक्सचे हातमोजे घालून सिलिकॉनची घट्ट पुट्टी मळली असेल तर हातमोज्यांतल्या गंधकाच्या संयुगांमुळे सिलिकॉन नीट घट्टच होत नाही. सर्वोच्च पायरीवरचा हा पदार्थ इतका हळवा आहे, हे त्याच्या ९९.८ टक्क्यांशेजारी छापलेले नसते.

तिसरा आकडा ताठपणाचा. इथे मानकच उतरंडीच्या विरुद्ध साक्ष देते. दाबाखाली किती दबावे यासाठी अल्जिनेटला ५ ते २० टक्के आणि पातळ रबरी पदार्थांना २ ते २० टक्के असा पट्टा दिला आहे. खालचीही मर्यादा आहे आणि वरचीही. जास्त चांगले की कमी चांगले, हे मानक ठरवतच नाही, कारण ते कामावर ठरते. इम्प्लांटचे माप घेताना धातूचे भाग जागचे हलू नयेत म्हणून ताठ पॉलिइथर आवडीने वापरतात. तेच पॉलिइथर हलणाऱ्या दातांच्या तोंडात घातले तर काढताना दात ओढला जातो आणि बारीक दातांचे स्टोनचे मॉडेल काढताना मोडते. गुटखा आणि सुपारीमुळे होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तोंड जेमतेम उघडते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी असे रुग्ण दवाखान्यांत येतच आहेत. त्यांच्या तोंडात ताठ पदार्थाने भरलेला ट्रे आत जातो आणि बाहेर निघताना प्राण कंठाशी आणतो. तिथे मऊ पदार्थ आणि दोन तुकड्यांचा ट्रे कामी येतो. एकाच्या गुणाचा दुसऱ्याच्या तोंडात दोष होतो.

उतरंडीचा शेवटचा पराभव बिनदातांच्या तोंडात होतो. झिंक ऑक्साइड युजेनॉलची पेस्ट घट्ट झाल्यावर कडक होते. लवचीकपणा नाही, ताणणे नाही, दाबून सोडले तर परतणे नाही. दाबले तर तुटते. आकारावर परतण्याच्या स्तंभात तिला काहीच गुण मिळणार नाहीत. तरीही कित्येक दशके कवळीच्या अंतिम मापासाठी ती नावाजली गेली, कारण बिनदातांच्या हिरडीला अंडरकट जवळजवळ नसतो आणि तिथे हवा असतो तो हिरडीला न दाबता तिचा बारीक तपशील टिपणारा पातळ थर. जो पदार्थ यांत्रिक तक्त्यात शून्यावर बाद होतो तो एका मोठ्या कामात वर्षानुवर्षे यशस्वी ठरतो, तेव्हा तक्ता सर्व कामांना लागू नाही हे मान्य करायला आणखी काय हवे?

याचा अर्थ, पदार्थ कोणताही घ्या, हात चांगला हवा, असे म्हणणाऱ्या जुन्या जाणत्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. कोणताही हात अल्जिनेटला दुसऱ्या दिवसापर्यंत खरे ठेवू शकत नाही. ते हवेत पाणी सोडते, पाण्यात पाणी पिते, आणि साध्या अल्जिनेटमध्ये स्टोन शक्यतो दहा-पंधरा मिनिटांत ओतावा लागतो. लॅब दुसऱ्या गावात असेल, कॅप-ब्रिजचे काम असेल, एकाच मापातून दोनदा मॉडेल काढायचे असेल, तर अ‍ॅडिशन सिलिकॉनला तोड नाही. स्कॅनरने हा सगळा वादच संपवला असेही कोणी म्हणेल. रक्ताने किंवा लाळेने झाकलेली कड कॅमेऱ्यालाही दिसत नाही, आणि महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी आजही माप ट्रेनेच घेतले जाते. त्यामुळे हा वाद अजून काही वर्षे आपल्या रोजच्या कामाचा आहे.

मागणी इतकीच आहे. कंपन्यांनी प्रत्येक आकड्याशेजारी चाचणीची पद्धत, दिलेला ताण, तापमान आणि मिसळल्यापासूनचा वेळ छापावा. जिथे हे नाही तिथे तो आकडा खरेदीचा आधार मानू नये. दंत महाविद्यालयांनी ‘आदर्श पदार्थाचे गुणधर्म लिहा’ हा प्रश्न बाजूला ठेवून विद्यार्थ्याला एक रुग्ण द्यावा: अंडरकट इतका, हिरडीची फट इतकी, तोंड इतके उघडते, लॅब इतक्या अंतरावर, आता पदार्थ निवड आणि कारण सांग. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फाटलेल्या मापावर जितकी शंका घेतली जाते, तितकीच शंका न फाटलेल्या देखण्या मापावरही घ्यावी. रुग्णांना एवढेच सांगणे: डॉक्टरने माप पुन्हा घ्यायचे ठरवले तर चिडू नका, बहुधा तो तुमची पुढची एक फेरी वाचवत असतो. सर्वोत्तम माप-पदार्थ असा कोणताही नाही. आहेत ते विशिष्ट तोंडासाठी, विशिष्ट कामासाठी योग्य किंवा अयोग्य पदार्थ, आणि ही निवड तक्ता करत नाही, डॉक्टरला करावी लागते.